दहावीनंतर काय, हे आठवीतच बघायला हवं : दिव्यांग मुलं आणि कामाची तयारी (पुणे)

अनघड

दहावीचा निकाल लागला की मला येणारे फोन बहुतेक एकाच प्रश्नाचे असतात : "पास झालाय, आता ह्याला कुठे घालू?" मी विशेष शिक्षिका आहे. पुण्यातल्या काही नेहमीच्या शाळांमध्ये जाते आणि तिथल्या दृष्टिबाधित, कर्णबधिर, स्वमग्न (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) किंवा अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात अडचण) असलेल्या मुलांबरोबर काम करते. फोन करणाऱ्या आईवडिलांची काळजी मला पूर्ण समजते. पण जूनमध्ये हा प्रश्न हातात घेतला की समोर दोनच कागद असतात, गुणपत्रिका आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. मुलगा गोंगाटात टिकतो का, एका जागी किती वेळ बसतो, अनोळखी माणसाला काही विचारू शकतो का, हात कशात रमतात, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग उत्तर ठरलेल्या यादीतून येतं. दिसत नाही? बँक नाहीतर संगीत. ऐकू येत नाही? डीटीपी नाहीतर शिवण. बौद्धिक अक्षमता? पणत्या रंगवा, कागदी पिशव्या करा.

माझं म्हणणं असं आहे की कामाची ओळख आठवीत सुरू व्हावी, आणि ती कामाच्या जागी प्रत्यक्ष जाऊनच व्हावी.

बाकीच्या मुलांना ही ओळख कुणी मुद्दाम करून देत नाही, ती होत जाते. सुट्टीत मामाच्या दुकानात बसणं, बाबांबरोबर गॅरेजला जाणं, बँकेत रांगेत उभं राहणं, लग्नात वाढपी काय करतात ते बघणं. आपल्या मुलांना मात्र "गर्दी आहे, तू घरीच थांब" असं म्हणून ह्या सगळ्यातून वगळलं जातं. त्यामुळे पंधराव्या वर्षी त्यांना माहीत असलेली कामं म्हणजे शिक्षक, डॉक्टर, रिक्षावाले आणि टीव्हीवर दिसणारी माणसं. कल चाचणीला माझा विरोध नाही, पुण्यात त्या चांगल्या होतात. पण जो मुलगा एकटा कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गेलेला नाही, त्याला "तुला बाहेर फिरतीचं काम आवडेल का?" हा प्रश्न विचारला तर तो अंदाजाने खूण करणार. त्या अंदाजाचा मग छापील अहवाल होतो आणि घरात तो प्रमाण मानला जातो.

आम्ही काय करतो ते सांगते. पालकांच्याच ओळखीतून जागा शोधतो. बाइंडिंगवाला, रोपवाटिका, पॅथॉलॉजी लॅब, कुरिअरचं ऑफिस, बेकरी, शिंपी, सीएचं ऑफिस. सुट्टीत अर्धा दिवस जायचं. बघायचं, विचारायचं, मालक हो म्हणाला तर थोडं हाताने करून बघायचं. ही नोकरी नव्हे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयात धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. यंत्रं, रसायनं, भट्टी ह्यांपासून लांबच राहायचं. हे मालकालाही आधी स्पष्ट सांगावं, म्हणजे तोही निर्धास्त होतो.

एक उदाहरण देते. स्वमग्न मुलगा, नववीतला. क्रम लावण्याची प्रचंड आवड. जानेवारीत अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात त्याला नेलं. इयत्ता, माध्यम, विषय अशी पुस्तकं मांडण्यात तो इतका रमला की मालक चकित झाले. सगळ्यांना वाटलं, ठरलं, पुस्तकांचं दुकान! पण पुन्हा गेलो तेव्हा जून होता. शाळा सुरू होण्याचे दिवस, काउंटरवर चार-चार ओळींत पालक, सगळे एकदम ओरडतायत. तो कान दाबून खाली बसला. त्याच दुकानाच्या मागच्या बाजूला गोदाम होतं, तिथे गठ्ठे सोडून यादीशी ताडून बघायचं काम चालू होतं. तिथे तो शांतपणे दुपारपर्यंत होता. म्हणजे त्याला पुस्तकांचं दुकान जमतं की नाही, हा प्रश्नच चुकीचा होता. त्याला मालाचा हिशेब आणि मांडणी जमते, ग्राहकांसमोर उभं राहणं जमत नाही. हेच काम औषधांच्या गोदामात, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, ग्रंथालयातही असतं. त्याची शोधाची दिशा ह्यातून मिळाली. आणि दुकानात जानेवारीत जाऊन थांबलो असतो तर कळलंच नसतं, म्हणून एकाच जागी दोन वेगळ्या वेळी जावं असं मी आग्रहाने सांगते.

घरी आल्यावर वहीत लिहायचं. "आवडलं" किंवा "नाही आवडलं" ह्यावर थांबायचं नाही. किती वेळ टिकला, कशाने थकला, स्वतःहून काय विचारलं, कुठे अडला, आणि काय बदललं तेव्हा पुढे गेला. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. उजेड डावीकडून आला तर वाचता येतं, तोंडी सूचना विसरते पण लिहिलेली पाळते, उभं राहून वीस मिनिटं, बसून तीन तास. पुढे मुलाखतीत हीच माहिती कामाला येते.

आणि ही माहिती मुलाच्या तोंडी यायला हवी. मला काय येतं, मला कशाची अडचण येते, काय केलं की ती दूर होते. ही तीन वाक्यं आठवीतल्या मुलाला स्वतःच्या पद्धतीने सांगता यावीत. बोलून, खुणांनी, मोबाइलवर टाइप करून, चित्रांचं कार्ड दाखवून, कसंही. आमच्याकडे दहावीपर्यंत सगळं आईच सांगते. "त्याला नं पुढचा बाक लागतो." त्याला विचारू द्या की!

अध्ययन अक्षमतेच्या मुलांबद्दल एक इशारा. राज्य मंडळाची बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत खूप मुलांना तारते. पण ती घेण्याआधी पुढे कुठल्या अभ्यासक्रमाला दहावीचं गणित लागतं ते बघा. ज्या मुलाचे हात मशीनवर छान चालतात आणि ज्याला तांत्रिक शिक्षणाकडे जायचंय, त्याच्यासाठी वाढीव वेळ आणि लेखनिक घेऊन गणित ठेवणं जास्त बरं असू शकतं. हा निर्णय नववीत, पुढचा रस्ता समोर ठेवून घ्यावा. आमच्याकडे तो बहुतेक वेळा फॉर्म भरायच्या दिवशी होतो.

पालक, स्वतः दिव्यांग असलेले नोकरदार, मालक, सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा. पुण्यातले विशेष करून.

पूर्वा नक्षत्र

धन्यवाद ताई. माझा मुलगा पंधराचा, स्वमग्न, बोलतो पण कमी. सोसायटीतल्या लिफ्टचं काम करायला माणूस आला की हा तिथून हलत नाही. वाचून वाटलं की ते निरीक्षण मी कधी निरीक्षण म्हणून बघितलंच नाही, जेवायला उशीर होतो एवढंच बघितलं.

पण भीती वाटते हो. लोक हसतील ही एक. कुणी गैरफायदा घेतला तर तो घरी येऊन सांगूही शकणार नाही, ही खरी. घरात सासरे म्हणतात, पेन्शन आहे, जागा आहे, कशाला त्याला बाहेर काढता.

अनघड

@पूर्वा नक्षत्र, भीती रास्त आहे आणि तिच्यावर काम करता येतं. पहिली जागा नात्यातली किंवा जुन्या ओळखीची घ्या. तिथे एक माणूस ठरलेला हवा, काही झालं तर मुलाने त्याच्याकडेच जायचं. तुम्ही शेजारी बसू नका, पण हाकेच्या अंतरावर थांबा. शरीराच्या सुरक्षिततेचे नियम, म्हणजे कुणी कुठे हात लावायचा नाही, "नको" कसं म्हणायचं, घरी येऊन काय दाखवायचं, हे चित्रांसह शिकवता येतं आणि ते कामाच्या तयारीचाच भाग समजा. अठरानंतर हा मुलगा कुठे ना कुठे माणसांत जाणारच आहे. तेव्हा हे कौशल्य नसणं जास्त धोक्याचं.

लिफ्टवाल्या माणसाला पुढच्या वेळी चहा द्या आणि विचारा, ह्याला पेटीतली हत्यारं बघू द्याल का? मशीनजवळ नाही, फक्त पेटी.

सासऱ्यांना सांगा, पैशांची सोय झाली तरी दिवसभर काय करायचं हा प्रश्न उरतोच. आणि तो अठरा पूर्ण होण्याआधी पालकत्वाच्या कागदांची माहिती घेऊन ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता ह्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, कायदेशीर पालक ती नेमते. न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजनाही आहे, एक लाखापर्यंतची.

बिंदुलिपी

मी पूर्ण अंध आहे, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. वर "दिसत नाही? बँक" असं लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, आणि मी त्या यादीतूनच आलो. मला काम आवडतं, तो भाग वेगळा. माझ्याबरोबरचे दोन मित्र त्याच यादीने बँकेत आले आणि आजही दिवस ढकलतायत. त्यातल्या एकाचं डोकं कोडिंगमध्ये फार चांगलं चालायचं.

मुलांना काय शिकवावं ते माझ्या बाजूने सांगतो. दहावीच्या आत टायपिंग, दोन्ही भाषांत. कीबोर्डवरून संगणक, माउसशिवाय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये तो करायला घेतला, मग त्याचा अंध मित्रही त्यात आला, आणि तो मराठीही वाचतो. पैसे नाहीत म्हणून संगणक शिकवला नाही हे कारण आता चालणार नाही. एक्सेल नीट यायला हवं. ब्रेल सोडू नका, ऐकून ऐकून शुद्धलेखन जातं, आणि ऑफिसात पहिली टिंगल ईमेलच्या शुद्धलेखनावरून होते.

दुसरं म्हणजे पांढरी काठी. एकट्याने प्रवास. मी कॉलेजात असताना स्वारगेटला बस बदलायला शिकलो ते माझ्या पदवीइतकंच महत्त्वाचं ठरलं. आता मेट्रो आहे, स्टेशनवर लिफ्ट आणि पायाला कळणाऱ्या पट्ट्या आहेत, मुलांना तिथून सुरुवात करायला सोपं जाईल. पण स्टेशनबाहेर आल्यावरचा फुटपाथ हा खरा पेपर आहे, तोही सोडवायला शिकवा.

तिसरं, एक यादी जरूर वाचा. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेत दिव्यांगांसाठी योग्य अशी ३,५६६ पदं नमूद केली आहेत. प्रत्येक पदापुढे त्या कामाला काय लागतं ते आहे : बसणं, उभं राहणं, चालणं, बघणं, ऐकणं, लिहिणं-वाचणं, संवाद. सरकारी नोकरी करायची नसली तरी मुलाबरोबर बसून ती चाळा. एवढी कामं अस्तित्वात आहेत हेच मुलांना माहीत नसतं. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तीनाचं चार टक्के झालं. त्यात एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, एक कर्णबधिर, एक हालचालीचं दिव्यांगत्व, आणि शेवटच्या एक टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता. हा शेवटचा गट १९९५ च्या कायद्यातल्या तीन टक्क्यांत नव्हता, त्यामुळे त्या पालकांपर्यंत हे अजून नीट पोचलेलं नाही.

प्रांजल पाटील आयएएस झाल्या ह्याचा मला अतोनात अभिमान आहे. फक्त प्रत्येक अंध मुलापुढे त्यांचं नाव ठेवून पालकांनी आपलं काम झालं असं समजू नये. नाव सांगायला एक मिनिट लागतं, टायपिंग शिकवायला दोन वर्षं.

हिंजवडी फेज टू

भरतीच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे दिव्यांग उमेदवारांच्या मुलाखती होतात, त्यातलं जे नेहमी दिसतं ते.

उमेदवार म्हणतो, "मी कुठलंही काम करायला तयार आहे." त्याच्या मागे किती नकार आहेत ते मला कळतं, पण त्यावरून मी त्याला कुठल्या टीममध्ये देऊ? ह्याउलट एका मुलीने सांगितलं : "मला स्क्रीन रीडर लागतो. एनव्हीडीए चालेल, त्याला पैसे लागत नाहीत, तुमच्या आयटी टीमची परवानगी लागेल. तक्ते आणि मजकूर मी करते, चित्रातले आलेख मला वाचता येत नाहीत, त्यांचे आकडे वेगळे द्यावे लागतील." तीन वाक्यांत माझं अर्धं काम झालं. समोरचा व्यवस्थापक बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला विचारायची भीती वाटते, आणि न विचारता तो नाही म्हणून मोकळा होतो. अनघड म्हणतात ती तीन वाक्यं शाळेतच पाठ नव्हे, अंगवळणी पडली पाहिजेत.

ऑनलाइन परीक्षा हा मोठा अडथळा आहे. चित्रातले प्रश्न, कॅप्चा, कॅमेऱ्याने लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. मान वळवली की ते संशय दाखवतं. अर्ज करताना ईमेलने आधीच लिहून मागा, काय सोय हवी ते. वाजवी सोय मागणं हा हक्क आहे. २०१६ च्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर त्यात पदं, निवडीची पद्धत, सोयी हे सगळं यावं लागतं आणि संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर ते धोरण शोधा, सापडलं नाही तर नम्रपणे विचारा. तुम्ही विचारल्याने आमच्यासारख्यांना आत भांडायला बळ मिळतं.

आणि कृपया, मुलाखतीच्या खोलीत आईवडिलांनी येऊ नये. खाली कँटीनमध्ये बसा.

शांत रस्ता

शेवटच्या ओळीवर थोडं. माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर, खुणांच्या भाषेत बोलते. तिच्या पहिल्या मुलाखतीत दुभाषी नव्हता, मी खोलीत नसतो तर तिने काय केलं असतं? सोय कंपनीने करावी हे मान्य, पण ती होईपर्यंत काय?

नंतर आम्ही रस्ता काढला. प्रश्न लेखी द्या अशी ईमेलने विनंती, आणि मोबाइलवर बोलणं मजकुरात उतरवणारं ॲप, ते मराठीतही चालतं. पण लेखी मराठी आणि इंग्रजी तिला दुसऱ्या भाषेसारखीच, त्यामुळे लांब वाक्यात अडते. शाळेतल्या बाई म्हणायच्या, भाषा कच्ची आहे. भाषा कच्ची नाही, खुणांत ती वकिलासारखी भांडते! कर्णबधिर मुलांच्या पालकांना माझं सांगणं : रोजच्या कामाचं लिहिणं करून घ्या. रजेचा अर्ज, "उशीर होतोय, बस चुकली", "मला हे कळलं नाही, पुन्हा लिहून द्याल का". निबंध नंतर.

ती आता भोसरीला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे. तिच्या पर्यवेक्षकाने स्वतःहून वीसेक खुणा शिकून घेतल्या.

हिंजवडी फेज टू

@शांत रस्ता, बरोबर आहे. दुभाषी नसेल तिथे तुम्ही असणं ही सोयच आहे. माझा रोख उमेदवाराऐवजी उत्तरं देणाऱ्यांवर होता.

मावळा न्यू जर्सी

इथे अमेरिकेत कसं चालतं ते सांगतो, तुलनेसाठी. माझ्या मुलीला बौद्धिक अक्षमता आहे. इथल्या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याने मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या शैक्षणिक आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची योजना यावीच लागते. आमच्या राज्यात ते चौदापासून. २०१४ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला पुनर्वसनाच्या केंद्रीय निधीतला किमान १५ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीवर खर्च करावा लागतो. त्यात कामांची ओळख, कामाच्या जागी अनुभव, पुढच्या शिक्षणाचा सल्ला, कामाच्या जागचं वागणं-बोलणं, आणि स्वतःसाठी बोलायला शिकणं ह्या पाच गोष्टी येतात. अनघड ह्यांनी जवळपास हेच स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय, कुठल्याही निधीशिवाय.

मुलगी ग्रंथालयात, मग एका वाणसामानाच्या दुकानात, मग वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात जाऊन आली. तिला स्वयंपाकघर आवडलं. सोबत जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी शेजारी राहून काम शिकवणारी बाई होती, सुरुवातीला पूर्ण वेळ, मग दिवसातून तासभर, मग फक्त फोनवर. ती हळूहळू मागे सरली हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

पण इथे सगळं गोड आहे असं समजू नका. एकवीस-बावीसला शाळेचा हक्क संपतो आणि एका रात्रीत सगळं थांबतं. आणि १९३८ च्या एका कायद्यातल्या तरतुदीमुळे परवाना काढून दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी देण्याची मुभा आहे. काही राज्यांनी ती बंद केली आहे, तरी तिच्यावर अजून वाद आहे.

सदाशिव

मी इतका वेळ वाचत होतो, आता लिहितो. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, वय चाळिशीच्या पुढे. गेली कितीतरी वर्षं तो एका उद्योगकेंद्रात जातो. कागदी पिशव्या, दिवाळीत पणत्या आणि उटणं. सकाळी नऊला डबा घेऊन तयार असतो. तिथे त्याचे मित्र आहेत, महिन्याला विद्यावेतन मिळतं, ते तो आईच्या हातात देतो. तुम्ही सगळे पिशव्या-पणत्यांबद्दल असं लिहिता की जणू ती मुलं वाया गेली. पुण्यात कामायनीसारखी संस्था १९६४ पासून हे काम करतेय. तेव्हा ह्या मुलांना दाराबाहेर आणायला कुणी तयार नव्हतं. खुल्या नोकरीत माझ्या भावाला कोण ठेवणार होतं? आणि ठेवलं असतं तर तिथे त्याच्याशी डबा खायला कोण बसलं असतं?

अनघड

@सदाशिव, तुमचं वाचून मी माझं वरचं पुन्हा वाचलं. उद्योगकेंद्रांबद्दल मला आदर आहे, माझे काही विद्यार्थी तिथे आहेत आणि आनंदात आहेत. डबा खायला सोबत हवी, हा मुद्दा तर फार मोठा आहे. खुल्या नोकरीत गेलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना एकटेपणाच पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

माझी हरकत निवड न देण्याला आहे. केंद्रात जाणारा मुलगा तिथे काय काय बघून, त्यातलं काय निवडून गेला? केंद्राच्या आतसुद्धा पॅकिंग, हिशेब, विक्री, स्वयंपाक, बागकाम असं बरंच असतं. आणि केंद्रातून बाहेर जाण्याचं दार उघडं आहे का? तिथल्याच एका मुलीला आठवड्यातून दोन दिवस बेकरीत पाठवून बघितलं, बाकीचे दिवस केंद्रात, मित्रांसोबत. तिला दोन्ही हवं होतं. दोन्ही का असू नये?

बिंदुलिपी

सदाशिव ह्यांच्याशी अर्धा सहमत. सोबत महत्त्वाची. पण मोबदल्याच्या बाबतीत मी अडतो. वस्तू बाजारभावाने विकली जात असेल तर करणाऱ्याला किती मिळतं हे पालकांनी विचारायलाच हवं. दयेने घेतलेली पणती पुढच्या वर्षी कुणी घेत नाही, चांगली पणती घेतात. मीरा बडवे ह्यांच्या निवांत संस्थेतली अंध मुलं चॉकलेटं करतात, ती लोक चव आवडली म्हणून पुन्हा मागतात. दर्जा शिकवणं हा सन्मान आहे.

सदाशिव

मोबदल्याचं मी विचारलेलं नाही कधी. विचारेन.

आणि काल रात्री भावाला विचारलं, तुला तिथलं कुठलं काम आवडतं. मला वाटलं पणत्या म्हणेल. म्हणाला, "चहा." केंद्रात चहा करायचं आणि द्यायचं काम मावशी करतात. हा त्यांच्या मागे मागे असतो म्हणे, कप मोजायला. उद्या केंद्रातल्या बाईंशी बोलतो, त्याला आठवड्यातून एक दिवस देता येईल का. गॅस मावशींनीच पेटवायचा, बाकी तो करेल.

पूर्वा नक्षत्र

@सदाशिव, काय झालं ते नक्की लिहा इथे.

आमच्याकडची बातमी : लिफ्टवाल्या दादांनी पेटी दाखवली. नट-बोल्टचे पाने कुठल्या क्रमाने ठेवतात ते ह्याने एकदा बघितलं आणि शेवटी सगळे बरोबर जागी ठेवले. दादा म्हणाले त्यांच्या हाताखालच्या मुलाला हे अजून जमत नाही.

तिसरा पेपर

मी विद्यार्थी आहे, अकरावी कॉमर्स. सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे, उजव्या हाताने हळू लिहितो. प्रमाणपत्रावर ३५ टक्के. सगळीकडे ४० टक्के लागतात म्हणून मला आरक्षण नाही हे माहीत आहे, ती तक्रार नाही. पण मला पुढे बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. वेळेत लिहून होत नाही. एका क्लासवाल्यांनी सांगितलं ४० च्या खाली लेखनिक मिळत नाही, विषय सोड. खरं आहे का?

बिंदुलिपी

@तिसरा पेपर, अजिबात सोडू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा त्रास होता. त्यानंतर केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने १० ऑगस्ट २०२२ ला तुझ्यासारख्यांसाठी, म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व पण लिहायला अडचण, अशांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती; २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवी एकत्रित तत्त्वं आली, तीच बघ. लेखनिक किंवा वाढीव वेळ मिळू शकतो. वेळ ताशी किमान वीस मिनिटं. त्यासाठी सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, लिहिण्यात अडचण आहे असं त्यात स्पष्ट हवं. टक्क्यांचं प्रमाणपत्र वेगळं, हे वेगळं. जाहिरातीतला नमुनाच डॉक्टरांकडे ने, कोऱ्या कागदावर लिहून आणू नकोस.

अनघड

बिंदुलिपी ह्यांच्या उत्तरात भर. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलं आहेस का? ४० च्या खाली पांढऱ्या पट्टीचं मिळतं. पिवळं ४० पासून, निळं ८० पासून. पांढऱ्या कार्डावर सवलती कमी, तरी नोंद राहते. वैद्यकीय मंडळाने पुन्हा तपासणी सुचवली असेल तर ती तारीख चुकवू नकोस.

लेखनिकाचा सराव आत्तापासून कर. सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. ताळेबंदाचे रकाने तोंडी सांगून बघ, पहिल्यांदा फार गोंधळ होतो. कॉलेजच्या चाचण्यांनाच लेखनिक माग, थेट बँकेच्या परीक्षेत पहिल्यांदा नको. आणि परीक्षा ठरवण्याआधी बँकेतलं काम बघून ये एकदा. बिंदुलिपी, तुमच्या शाखेत शक्य आहे का?

बिंदुलिपी

काउंटरच्या आत नाही नेता येणार, सुरक्षेचे नियम आहेत. पण ग्राहकांच्या बाजूला बसून कर्ज विभागात माझ्याशी अर्धा दिवस बोलता येईल. शाखाधिकाऱ्यांना विचारतो. मार्चअखेर सोडून कधीही. व्यक्तिगत निरोप कर, प्रश्न लिहून आण.

तिसरा पेपर

निरोप केला आहे सर. प्रश्न टाइप करून आणतो. क्लासवाल्यांना मार्गदर्शक तत्त्वांचा कागद प्रिंट काढून देणार आहे, आमच्या बॅचमध्ये अजून एक मुलगी आहे, तिचा हात भाजलेला आहे, तिलाही हेच सांगितलं होतं.